पिंजरकर मास्तर आणि कारंज्याचे पूर्वज

पिंजरकर मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरच्या मेलेल्या माणसाची चौकशी करीत. जिवंतांचा नंबर मागून लागे, आणि पुष्कळदा लागतच नसे. वहाणा दारात काढायच्या, छत्री कोपऱ्यात टेकवायची आणि "कसे काय हायेत आजोबा?" असं विचारत सरळ बैठकीतल्या तसबिरीपाशी जायचं. यजमान "या या मास्तर" म्हणत गादीवरून अर्धवट उठलेला असायचा, तो तसाच अर्धवट खाली बसायचा. मास्तर तोवर त्याच्या आजोबांच्या गालाला नाक लावून हुंगत असायचे.

हुंगत म्हणजे खरोखर हुंगतच. मी काही नटवून सांगत नाही. आधी हुंगणं, मग नखानं एक कोपरा टोकरणं, मग कोटाच्या खिशातून भिंग काढून आजोबांच्या नाकपुडीत डोकावणं आणि शेवटी मान हलवणं. ती मान अशी काही हलायची, की आतल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. वास्तविक आजोबा जाऊन एक पिढी उलटलेली असायची, पण मास्तरांची मान पाहिली की ते नुकतेच अत्यवस्थ झाल्यासारखं वाटे.

"शिसं काळं पडून राह्यलं," मास्तर निदान सांगत. "मोरी कुठं हाये तुमची?"

यजमान बिचारा मोरी दाखवी. मोरी बैठकीच्या खिडकीखालीच असे, कारण आमच्या कारंज्यात मोरी दुसरीकडे कुठं असते हे कुणाला ठाऊकच नाही.

"हां! म्हंजे रोज विष पाजून राह्यले तुमी त्याईले!" मास्तर कडाडत. "मोरीतून गंधकाचा वायू निंगते. तो जाऊन भिडते तोंडावरच्या सफेद्याले. सफेदा म्हंजे शिसं. शिसं अन् गंधक एक झाले की संपलं, काळंकुट्ट. तुमचे आजोबा गोरे होते ना?"

"नाई जी, काळेच होते."

"मंग एवढे काळे नव्हते!"

हे मास्तर आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत. मला त्यांनी मडकं काढायला शिकवलं, मला ते आलं नाही, आणि पुढं मी वकील झालो. म्हणजे सनद आहे, अशिलं नाहीत. त्यामुळे मास्तरांच्या मागं गावभर हिंडून त्यांची मजा बघायला मला सवडच सवड होती. माणूस उंच, हडकुळा, बारा महिने एकच गळाबंद कोट. त्या कोटावर इतक्या रंगांचे डाग होते की मूळचा रंग कोणता यावर शाळेत पैजा लागत. लग्न केलं नव्हतं. "वेळ नाई भेटला," असं ते म्हणत. गावाचं मत वेगळं होतं. गाव म्हणे, सासऱ्याच्या घरी गेल्या गेल्या जो सासऱ्याच्या बापाला हुंगेल, त्याला मुलगी कोण देणार?

आता ह्या सगळ्यातली खरी गंमत सांगतो. कारंज्यातले हे जे सगळे आजोबा-पणजोबा आजारी पडले होते, ते काढले होते कुणी? खुद्द पिंजरकर मास्तरांनी. ते अगदी तरुण असताना गावात फोटो काढणारा कुणी नव्हता, आणि ज्याच्या घरी चार माणसं टेकतील एवढी बैठक, त्याला भिंतीवर साहेबासारखा तैलरंगातला बाप हवा असायचा. मास्तरांनी तो हौसेनं पुरवला. घाण्यावरचं जवसाचं तेल आणायचं, मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची पूड, घालून घरच्या चुलीवर कढवायचं, त्यात रंग घोटायचे आणि लावायचे थापून. पुढं ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मुंबईला गेले, तिथं कुणा रसायनवाल्या प्रोफेसरानं तैलरंग कसे जगतात आणि कसे मरतात ते समजावून सांगितलं, आणि मास्तरांचं धाबं दणाणलं. आपण केलं ते सगळं, अगदी पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत, चूक! गावभर पूर्वज टांगून आलो आणि एकही टिकणार नाही! त्या दिवसापासून मास्तरांनी ब्रश खाली ठेवला आणि भिंग उचललं.

पण लेकाचा स्वतःला दोष देईल तर शपथ. तसबिरी काढणाऱ्या तरुण पिंजरकराविषयी ते नेहमी तिसऱ्याच कुणा माणसासारखं बोलत आणि त्याचा उल्लेख 'तो गाढव' असाच करीत.

"त्या गाढवानं काय केलं, पाह्य. खाली तेलकट थर मारला, तो वाळायच्या आत वरून पातळ थर मारला. वरचा आधी कडक झाला, खालचा अजून हलून राह्यला. मंग तडे नाई जातीन तं काय होईन?"

"कोन हो तो मास्तर?" घरची एखादी नवी सून विचारी.

"होता एक," मास्तर म्हणत. "मेला असंन आता."

'वाळणं' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा मी सहज म्हणालो, की आमच्या दाराचा रंग वाळला बुवा. झालं! मास्तरांनी मला दारातच उभं केलं.

"वाळला म्हंजे? पानी वाळते. धोतर वाळते. तेल वाळत नसते, वकील, तेल हवा खाते!"

मग पुरतं व्याख्यान. पाणी उडून जातं, तसं जवसाचं तेल उडून जात नाही. ते उलट हवेतला प्राणवायू आत घेतं, घट्ट होतं, त्याची साय होते, सायीचं कातडं होतं. म्हणून रंग भिंतीला, कापडाला धरून बसतो. पण एकदा खायला लागलेलं तेल आपल्या सांगण्यावरून थोडंच थांबणार? ते खातच राहतं. आधी कातडं, मग काच. काच झाली की तडकली. "म्हंजे जे त्याले उभं करते, तेच त्याले मारते!" असं म्हणून मास्तर माझ्याकडे असे बघत, जणू आता मी गहिवरून त्यांचे पाय धरणार. मी विचारलं, मग दाराला टेकू की नको? ते म्हणाले, उद्या टेक.

जवसाच्या तेलाचा आणखी एक नखरा त्यांनी शोधून काढला होता. ते अंधारात ठेवलं की पिवळं पडतं आणि उन्हात ठेवलं की पुन्हा उजळतं. हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्या लोकांना ते पचवायला जड गेलं. हरकचंदसा म्हणून कापडाचे मोठे व्यापारी, त्यांच्या बैठकीतून मास्तरांनी एका सकाळी आजोबा, पणजोबा आणि एक चुलत आजोबा असे तिघेही बाहेर काढले आणि बाजाराच्या रस्त्यावर, ओट्यावर, ओळीनं उन्हात मांडले. येणारेजाणारे थबकले. तिघंही एकदम गेले काय, असं कुणीतरी हळूच विचारलं. एक म्हातारी जऊळक्याहून बाजाराला आली होती, ती तिघांसमोर झेंडूची फुलं वाहून, कपाळ टेकून गेली. हरकचंदसा दुकानाच्या दारात उभे राहून लोकांना सांगत होते, "काई नाई हो, आमचे बुढे ऊन खाऊन राह्यले."

ह्याच हरकचंदसांच्या घरचा भुवयांचा किस्सा तर कारंज्यात सर्वांना तोंडपाठ. त्या गाढवाला तरुणपणी कुणीतरी सांगितलं होतं, की डांबर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलं की असा गडद तपकिरी रंग होतो की बघत राहावं. झाला खरा. पण डांबर जन्मात कडक होत नाही, आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. दर उन्हाळ्यात ते मऊ होई आणि आजोबांच्या डांबरी भुवया थोड्याथोड्या खाली सरकत. पहिली काही वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं की आजोबा रागावलेत. दर साली जास्तच रागावतात! हरकचंदसांनी धाकट्या भावाला वेगळं काढलं होतं, त्यावरून आजोबा कोपले असं घरानं ठरवलं. सुनांनी उपास धरले. हरकचंदसांना बैठकीत गादीवर बसवेना. शेवटी भावाला परत बोलावून एक चूल केली आणि त्याच्या पुढच्याच मे महिन्यात आजोबांच्या भुवया डोळ्यांत उतरल्या.

"आता काहून?" हरकचंदसा रडकुंडीला आले. "आता तं एक झालो ना बाप्पा!"

मास्तरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "राग नाई, डांबर हाये." दोन्ही भुवया त्यांनी पुसून काढल्या. आजोबा एकदम आश्चर्यचकित दिसायला लागले, आणि ते शेवटपर्यंत तसेच राहिले. दोघं भाऊ मात्र पुन्हा वेगळे झाले नाहीत, याचं श्रेय कुणीच डांबराला देत नाही.

मास्तरांचं रामबाण औषध होतं दवाखान्यातलं. कान साफ करायला कंपाउंडर ते फेसाळणारं पाणी घालतो ना, पेरॉक्साइड, ते. काळं पडलेलं शिसं त्यानं पुन्हा पांढरं होतं म्हणे. होतंही. पण ते लावताना फेस येतो. एकदा मास्तरांनी ते एका पणजोबांच्या ओठांना लावलं आणि आतून सुनेनं किंकाळी फोडली, "मायबाई! पणजोबाच्या तोंडाले फेस आला!" निम्मी गल्ली जमा झाली.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दिवाळी. आमच्याकडे नरकचतुर्दशीला घरातल्या लहानथोरांना तेल लागतं, मग भिंतीवरच्या वडीलधाऱ्यांनी कोरडं राहावं की काय? पहाटे त्यांनाही अभ्यंग. तिळाचं तेल कापसावर घेऊन कपाळापासून कोटाच्या गुंडीपर्यंत चोळायचं, वर उटण्याचं बोट. त्या दिवशी पूर्वज असे चकचकीत दिसत की विचारू नका. आणि मास्तर त्या दिवशी गावातून पिसाळल्यासारखे हिंडत. "तिळाचं तेल हवा खात नाई, बाई! ते जल्मभर चिकटच राह्यते! त्याच्यावर धूळ बसते, धूर बसते! तुमी आंघोळ नाई घालून राह्यल्या, तुमी त्याईले तळून राह्यल्या!" बायका हसत आणि त्यांच्या हातावर चकली ठेवत. चकली मास्तर खात. तेल लावणं काही बंद होत नसे.

आता आमच्या घराचं सांगतो.

आम्ही देशमुख. आमच्या बैठकीत मोठे काका टांगलेले. म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मिशीचे आकडे, भरजरी पागोटं, नजर सरळ तुमच्यावर. मोठी काकू, म्हणजे त्यांची बायको, आसेगावची. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची. अंतरपाट, मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान यांतून तिनं नवऱ्याचे पाय तेवढे पाहिले. मग ती माहेरी परत गेली, आणि ती नांदायला यायच्या आधीच इकडं मोठे काका तापानं गेले. आमच्यात दुसरं लग्न नाही. ती आली ती विधवा म्हणूनच आली, एक पेटी घेऊन, आणि बैठकीत तिला तिचा नवरा दिसला, भिंतीवर. फोटो कधी काढलेलाच नव्हता. नवऱ्याचं तोंड म्हणून तिच्याजवळ जे काही होतं, ते एवढंच.

बैठकीत पुरुषमाणसं नसली की ती त्या तसबिरीशी बोले. मला वकिलीला पाठवावं का, माझ्या धाकट्या बहिणीला कामरगावात द्यावं का, सगळं विचारी. "त्याईले पसंत नाई," म्हणून बाहेर आली की विषय संपला. माझे वडील घरचे कर्ते खरे, पण शेवटचा शब्द भिंतीचा. मला तर पुष्कळ दिवस वाटे, की मोठ्या काकांनी मरूनसुद्धा आमच्या सगळ्यांपेक्षा बरा कारभार केला. काकूनं मला वाढवलं, म्हणून हे मी तिच्यासमोर कधी म्हणालो नाही.

मास्तर आमच्याकडे जरा जास्तच येत. माझा समज असा, की आमच्याकडचा चहा बरा. काकू गोशातली, परक्या पुरुषासमोर येणं नाही. ती माजघराच्या दाराआड बसे, दार चार बोटं उघडं, आणि मास्तर बैठकीत तसबिरीसमोर उभे राहून दाराशी बोलत. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

"मोठ्या बाई, दिव्याची वात मोठी ठेवता तुमी."

"लहान ठेवली तं त्याईचं तोंड दिसत नाई."

"मोठी ठेवली की धूर होते. धुरानं तोंड काळं होते. मंग दिसत नाई म्हणून तुमी वात आणखी मोठी करता!"

"मंग करू काय?"

"दिवा लावूच नका."

"वा रे वा! अन् त्याईनं अंधारात बसावं?"

 यावर मास्तर चहा पीत. एक गोष्ट मात्र मी पाहिलेली होती आणि तिच्यावरून त्यांना चिडवलंही होतं. गावातले सगळे पूर्वज हे गृहस्थ नाक लावून हुंगत, पण आमच्या काकांना कधी नाही. तसबिरीची चौकट पुसत, काठ पुसत, मधे चेहऱ्याकडे बघायची वेळ आली की नजर दुसरीकडे. मी म्हणालो, काय मास्तर, देशमुखाला भिऊन राह्यले काय? ते म्हणाले, चहात साखर कमी हाये.

मग दुसऱ्या महायुद्धाची वर्षं आली. तोवर वातीनं, मोरीनं आणि दिवाळीच्या अभ्यंगानं मिळून काकांचा चेहरा पार गिळला होता. पागोट्याची जर तेवढी चमके, खाली सगळं तपकिरी. आणि काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. अकोल्याला डॉक्टरला दाखवलं, त्यानं चाकू लावायचं सांगितलं, काकू म्हणाली, माह्या डोळ्याले कोनी हात लावाचा नाई. वडील गेलेले, घरात कर्ता म्हणून मी. मी पुष्कळ वकिली केली. एरवीसारखाच हरलो.

"माहे डोळे जातीन तं जातीन," ती म्हणाली. "पण जायच्या आधी एकदा त्याईचं तोंड धड पाहून घेऊ दे मले. मास्तराले बोलाव. कधीचे औषधपाणी करून राह्यले गावभर, म्हण आता आमच्या घरचं करा."

मी गेलो. माझा अंदाज होता, मास्तर उडी मारून निघतील. कसचं काय! खाटेवर बसले होते ते बसूनच राहिले. त्यांच्या खोलीत भिंतीला एक तसबीर नाही, एक कॅलेंडर नाही. "दुसऱ्या कोनाले सांग," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पेशंट नाकारला.

"दुसरं कोण आहे मास्तर?" मला राग आला. "गावाचे बुढे उन्हात वाळत घालायला तुम्हाला सवड आहे, अन् ती म्हातारी आंधळी होऊन राह्यली तर तुम्हाला जमत नाही? काय चावतात का तुम्हाला आमचे काका?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पिशवी घेऊन दारात हजर. "आजोबा कसे हायेत" नाही, काही नाही. मुकाट्यानं तसबीर उतरवली, ओसरीवर उजेडात भिंतीला टेकवली आणि कामाला लागले. काकू दाराआड येऊन बसली.

आधी कापसाच्या बोळ्यावर थुंकून ते काजळी काढायला लागले. थुंकीसारखं दुसरं औषध नाही, असं त्यांचं मत. आतून आवाज आला, "मास्तर, थुंकून राह्यले काय तुमी त्याईच्यावर?"

"कापसावर थुंकून राह्यलो, बाई."

"मंग ठीक हाये."

काजळी निघाली, दिवाळ्या निघाल्या, बोळ्यांचा ढीग झाला. मग ते कानाचं औषध. मास्तर एकेक थेंब टिपत होते, फुंकर घालत होते, थांबत होते. मी टिंगल करायच्या तयारीनंच बसलो होतो, पण खरं सांगतो, करवली नाही. त्या तपकिरी चिखलातून आधी कपाळ वर आलं. मग नाकाचा शेंडा. मग गाल. मग डोळे उघडले. लहानपणी मला ज्यांचं भय वाटायचं, तेच डोळे. मास्तर एकदम थांबले, बोळा ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"वकील, इथं बस. उजेडात. वर पाह्य."

पेन्सिल काढली त्यांनी. मी विचारलं, हे काय?

"तुहे डोळे कागदावर काढून घेतो, अन् तिथं चढवतो. तू पुतण्या हायेस. तुमच्या घरचे डोळे तरी राह्यतीन."

"माझे डोळे कायले? त्यांना आहेत की डोळे!"

 मास्तर दाराकडे न बघता, हळू आवाजात बोलायला लागले. एवढा हळू आवाज त्यांचा मी ऐकला नव्हता. "मले बोलावलं ते तुहे मोठे काका गेल्यावर. तिरडी बांधून राह्यले होते अंगणात. थोरले देशमुख, म्हंजे तुहे आजोबा, म्हणाले, पोराचं तोंड उतरून घे, मंग उचलू. मी तिथं सकाळभर बसलो. नाक पाह्यलं, कपाळ पाह्यलं, हनुवटी पाह्यली. डोळे मिटलेले होते, वकील. उघडे कधी पाह्यलेच नाई मी. मंग रंगवताना आरसा घेतला समोर, अन् आपलेच काढले. मले काय मालूम, पुढं कोनी त्या डोळ्यांसमोर जल्म काढीन! आता बाई डोळे जाता जाता शेवटचं पाहून घेतीन, तं ते तरी खोटं नको."

 मी म्हणतो, माणसानं करावं तरी काय अशा वेळी? मी चष्मा पुसला. मग दार उघडलं. चार बोटं नव्हे, पुरतं उघडलं, आणि मोठी काकू ओसरीवर आली. मास्तर धडपडत उठले आणि भिंतीला चिकटले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

"डोळ्याले हात लावू नका," काकू म्हणाली.

"बाई, ते..."

"मले मालूम हाये कोनाचे हायेत ते. तुमी मुंबईहून आल्यावर पहिल्यांदा तसबीर पुसाले आले, तवाच मी दाराच्या फटीतून पाह्यलं. तसबिरीतले डोळे तसबीर पुसून राह्यले."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"काय बोलू? अन् कोनाशी?" ती तसबिरीसमोर खाली बसली. "डोळे चांगले होते. राहू द्या."

 काकू डोळे बारीक करून, जवळ जाऊन, चेहऱ्याचा एकेक भाग न्याहाळत होती. मग तिनं विचारलं, "बाकीचं तं त्याईचंच हाये ना?"

"नाक त्याईचंच. कपाळ, हनुवटी, सगळं त्याईचंच."

"अन् मिशी?"

मास्तर खाली पडलेले बोळे गोळा करायला लागले.

"सांगा ना आता. राह्यलं काय लपवाचं?"

"मिशी थोरल्या देशमुखांनी सांगतली," मास्तर म्हणाले. "देशमुखाचं पोरगं बिनमिशीचं भिंतीवर लावू काय, म्हणाले. सोळाचं पोरगं होतं, बाई. ओठावर नुसती लव होती. मी आधी तसंच काढलं होतं. ते पुरतं घट्ट झाल्यावर काही महिन्यांनी वरून मिशी चढवली. डांबराची, पण पातळ, म्हणून सरकली नाई."

"म्हंजे खाली हाये ते तोंड?"

"असंन. खालचा रंग कडक झाला हाये. डांबर कधी कडक झालंच नाई. टर्पेंटाइननं निंगन ते. फक्त मिशी निंगन."

"मंग काढा."

लढाईत टर्पेंटाइन मिळत नव्हतं. मास्तरांच्या पिशवीत एक लहान बाटली होती, तिच्या तळाशी थोडं होतं, कधीपासून जपलेलं कोण जाणे. ते त्यांनी सगळं कापसावर ओतलं. एक आकडा पुसला, दुसरा आकडा पुसला. कापूस तपकिरी झाला. ज्या मिशीला आमचं अख्खं घर भिऊन होतं, ती बघता बघता बोळ्यावर आली आणि खाली एक ओठ दिसला. कोवळा, जरासा पुढं आलेला. शाळेत पुढच्या बाकावर बसणाऱ्या पोराचा असतो तसा.

काकू पुढं सरकली. तोंड इतकं जवळ नेलं की तिचं नाक रंगाला लागेल असं मला वाटलं. मास्तर एरवी ओरडले असते, आता दोन पावलं मागं सरले. बराच वेळ तिनं पाहिलं. पांढरे झालेले तिचे केस आणि ते पोरगं, शेजारी शेजारी.

"लेकरूच होतं की हो हे," ती म्हणाली. तिला हसू आलं आणि त्यातच डोळे वाहायला लागले. "अन् मी मेली जल्मभर याले अहोजाहो करून राह्यली."

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या तिघांना तिथंच सोडून मी चहा सांगायला आत गेलो.